परीक्षकांची ओळख कोणासाठी करून द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाने खुली विज्ञानकथा स्पर्धा घेतली. कथा आल्या, तपासून झाल्या, आता बक्षीस समारंभ आहे आणि सूत्रसंचालन प्रश्न विचारणाऱ्यांकडे आलं आहे. परीक्षक तीन. एक, भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त होऊन गावी परतलेले शास्त्रज्ञ. त्यांचं काम अन्नपदार्थांच्या विकिरणावरचं. दुसऱ्या, महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या कथालेखिका. तिसऱ्या, मत्स्यविज्ञानातल्या तरुण संशोधक. पहिल्यांचा बायोडाटा सहा पानांचा आणि इंग्रजीत. दुसऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवल्या आहेत. तिसऱ्या म्हणतात, "मी सगळ्यांत लहान, माझी ओळख नको." वाचनालयाच्या अध्यक्षांना वाटतं की सगळं वाचून दाखवलं नाही तर पाहुण्यांचा अपमान होईल. समितीतल्या एकांना वाटतं की जैतापूरच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय अजून नाजूक आहे, तेव्हा 'अणु' हा शब्दच नको. विचारलं आहे ते असं : किती वेळ बोलू, कोणाची ओळख आधी, आणि नेमकं काय सांगू?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वाचनालयांच्या, शाळांच्या, कथा आणि एकांकिका स्पर्धांच्या कार्यक्रमांचं निवेदन मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्नाच्या मांडणीबद्दल. पाहुण्यांचा मान कसा राखायचा या काळजीने तुम्ही विचारता आहात. उद्घाटक किंवा प्रमुख पाहुण्यांच्या बाबतीत ती काळजी योग्यच आहे. त्यांची ओळख त्यांचं कार्य सभेला कळावं म्हणून असते. परीक्षकांची ओळख मात्र स्पर्धकांसाठी असते. सभागृहात मधल्या आणि मागच्या रांगांत जे पंधरा-वीस जण कागदाची सुरळी हातात धरून बसलेले असतात, त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत असते : माझी कथा कोणी वाचली, आणि वाचणाऱ्याला ती कळली का? देवगडहून किंवा लांज्याहून एसटीने आलेल्या एखाद्या शिक्षिकेला परीक्षकांच्या पदव्या ऐकायच्या नसतात. आपण रात्री जागून लिहिलेलं योग्य हातांत पडलं होतं की नाही, हे तिला निकालाच्या आधी कळायला हवं असतं. बक्षीस मिळालं तर त्याचं मोल त्यावर ठरतं, आणि नाही मिळालं तर तो निकाल मनाला पटणं त्यावर ठरतं.

विज्ञानकथेच्या स्पर्धेत हे आणखी अवघड होतं, कारण तिथे शंका दोन्ही बाजूंनी असते. परीक्षक शास्त्रज्ञ असला की स्पर्धक म्हणतात, हा फक्त चुका शोधणार, कथेतलं माणूसपण याला काय कळणार. परीक्षक साहित्यिक असला की म्हणतात, विज्ञान यांच्या डोक्यावरून गेलं असणार, यांनी भाषेला गुण दिले असणार. चहाच्या वेळी ही कुजबुज ऐकू येतेच. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे परीक्षक एकाच मंचावर आहेत. ओळख करून देताना या दोन्ही शंकांना उत्तर मिळालं तर तुमचं काम झालं, मग बायोडाटाची पाच पानं गळली तरी काही बिघडत नाही.

आता काय सांगायचं ते. माझा अनुभव असा की परीक्षकांच्या ओळखीचा मजकूर बायोडाटात सापडत नाही, तो फोनवर सापडतो. बायोडाटातून नाव, हुद्दा, विषय आणि फार तर एक मोठं काम घ्या. बाकीसाठी प्रत्येकाला दहा मिनिटं फोन करा. "सर, तुमच्याबद्दल काय सांगू?" असं विचारलंत की मोठी माणसं संकोचतात आणि "काही नको" म्हणतात, किंवा मग सगळंच सांगतात. त्यापेक्षा कामाबद्दल विचारा. निकाल फुटणार नाही एवढं सांभाळून मी साधारण असं विचारतो : कथा वाचताना तुम्ही सर्वांत आधी काय बघता? कुठल्या प्रकारच्या चुकीला तुम्ही माफी देता आणि कुठल्या चुकीला देत नाही? तुमच्या रोजच्या कामातली कुठली सवय या वाचनात उपयोगी पडली?

समुद्रविज्ञानात काम करणाऱ्या एका परीक्षक बाईंशी झालेलं असं एक बोलणं माझ्या चांगलं लक्षात आहे. त्या म्हणाल्या, "एका कथेत पौर्णिमेच्या मध्यरात्री नायक ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालत पार खडकांपर्यंत जातो. मी तिथेच थांबले." आपल्याकडच्या कोणत्याही कोळ्याला विचारा, तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, हिशेब येतो सव्वाअकराचा. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास समुद्र भरलेला असणार, आणि पौर्णिमेचं उधाण असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच भरलेला. मी विचारलं, "मग त्या कथेचे गुण गेले?" तर म्हणाल्या, "छे हो! चंद्राच्या कक्षेत बदल झालाय आणि भरतीचं गणित चुकायला लागलंय, असं लेखकाने आधी एका ओळीत जरी सुचवलं असतं तरी मला ते दृश्य फार आवडलं असतं. विज्ञानकथेत नियम मोडायला हरकत नसते. मोडलाय हे लेखकाला ठाऊक आहे, एवढं मला दिसायला हवं."

मी त्यांच्या ओळखीत त्यांच्या प्रबंधाचं शीर्षक वगळलं आणि हे शेवटचं वाक्य त्यांच्या परवानगीने जसंच्या तसं सांगितलं. कुठली कथा, कोणाची कथा, काही सांगितलं नाही. ओळख संपायच्या आत सभागृहाला कळलं होतं की या बाई कशा वाचतात. विज्ञानाचा माणूस फक्त चुका काढतो ही शंका त्या एका वाक्याने निघून गेली.

असं एकेक वाक्य तुम्हाला तिघांकडून मिळवायचं आहे. ते मिळालं की ओळखीचा आराखडा आपोआप तयार होतो : माणूस कोण, रोज काय काम करतो, त्या कामामुळे त्याच्या वाचनाला कोणती नजर आली, आणि तो कथेत काय शोधतो. एका परीक्षकाला दीड ते दोन मिनिटं पुष्कळ झाली. तिघांचे मिळून सहा मिनिटांच्या वर जाऊ नका. एका परीक्षकासाठी कागदावर दीडशे-पावणेदोनशे शब्द लिहिलेत की साधारण दीड-दोन मिनिटं होतात.

तुमच्या पहिल्या परीक्षकांसाठी मी कसा मजकूर लिहिला असता ते नमुन्यादाखल देतो. तपशील फोनवर पडताळून मगच वापरा.

"आपले पहिले परीक्षक भाभा अणुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. त्यांचं काम अन्नपदार्थांच्या विकिरणाचं. विकिरण म्हणजे काय, हे आपल्या भागात हापूसच्या उदाहरणाने चटकन कळेल. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २००७ साली भारतातला आंबा पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला, तो गॅमा किरणांची ठरावीक मात्रा देऊन. त्या मात्रेने फळातली कीड पुढे वाढत नाही, आणि आंबा आंबाच राहतो. मात्रा कमी पडली तर कीड राहते, जास्त झाली तर फळ बिघडतं. सर म्हणतात, विज्ञानकथेतल्या विज्ञानाचंही असंच आहे. कथेला पुरेल एवढं विज्ञान आहे का, आणि कथा बिघडेल एवढं तर झालं नाही ना, हे मी बघतो."

शेवटची दोन वाक्यं अर्थातच मी कल्पनेने लिहिली आहेत. सर फोनवर वेगळं काही बोलतील, ते घ्या. न बोललेलं वाक्य त्यांच्या तोंडी घालू नका. मंचावर बसलेल्या माणसाला ते फार खटकतं. मात्र कामाची सांगड आपल्या मातीतल्या कशाशी घालायची, हे या नमुन्यावरून लक्षात येईल. समोर निम्मे बागायतदार असताना 'फूड टेक्नॉलॉजी डिव्हिजन' असं नुसतं म्हणून पुढे गेलात तर ते शब्द वाऱ्यावर जातील.

याच ओघात 'अणु' शब्दाचा प्रश्न. तुमच्या समितीतल्या सदस्यांची चिंता मी समजू शकतो. जैतापूरजवळ माडबनला ९९०० मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प प्रस्तावित झाल्यापासून राजापूर तालुक्यात घराघरांत मतं विभागली आहेत, जमिनी गेलेली माणसं तुमच्या सभागृहात असतील, आणि त्यांच्या भावनांचा विचार करायलाच हवा. तरीही संस्थेचं नाव लपवू नका. लपवलेलं नाव पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं आणि मग आयोजकांनी ते का टाळलं याचीच चर्चा होते. परीक्षक बिचारे कारण नसताना संशयाच्या जागी बसतात. शिवाय एखाद्या स्पर्धकाने प्रकल्पाच्या विरोधातली कथा लिहिली असेल, तर "हे तर त्याच खात्यातले निघाले" असं त्याला निकालानंतर बाहेरून कळणं सर्वांत वाईट. नाव स्वच्छ सांगा, काम काय होतं ते सांगा, आणि प्रकल्पाबद्दल बाजूने किंवा विरोधात एक अक्षरही बोलू नका. 'अणुशक्तीचे उपासक', 'ऊर्जाक्रांतीचे शिलेदार' अशी विशेषणं कटाक्षाने टाळा. कार्यक्रमाच्या आधी सरांशीही याबद्दल मोकळेपणाने बोला. माझ्या पाहण्यात अशा खात्यांतून आलेली माणसं या बाबतीत समजूतदार असतात, कारण हा प्रश्न त्यांना गावात रोज भेटतच असतो.

कथालेखिका बाईंच्या बाबतीत धोका वेगळा आहे. स्त्री परीक्षकाची ओळख करून देताना आपल्याकडे "संसार सांभाळून लेखन", "आपल्या गावची सून", "दोन मुलांची आई" हे हमखास येतं. पुरुष परीक्षक किती मुलांचे वडील आहेत ते कोणी सांगत नाही. हे सगळं गाळा, त्यांनी स्वतःहून सांगितलं तरच घ्या. त्यांच्याबद्दल स्पर्धकांना हवी ती माहिती अशी : त्यांना विज्ञानकथा वाचायची सवय आहे का? असेल तर ठळक सांगा. नसेल तर तेही सांगा, पण त्यांची जागा काय आहे हे जोडून सांगा. पात्र उभं राहिलं का, संवाद माणसं बोलतात तसे आहेत का, शेवट कथेतून आला की वरून चिकटवला, हे तपासायला विज्ञानाची पदवी लागत नाही, कथेचा जन्मभराचा अभ्यास लागतो. तीन परीक्षकांतली एक नजर अशी असणं ही स्पर्धेची जमेची बाजू आहे, आणि ती तुम्ही तशी मांडली पाहिजे. चार ओळींचा बायोडाटा आला म्हणून ओळखही चार ओळींची करू नका. सहा पानं पाठवणाऱ्याला आणि चार ओळी पाठवणाऱ्याला मंचावर सारखाच वेळ मिळाला पाहिजे. स्पर्धक त्यावरूनही कोणाच्या गुणांना किती वजन होतं याचा अंदाज बांधतात.

"माझी ओळख नको" म्हणणाऱ्या तरुण संशोधकांचं ऐकू नका. त्यांना प्रेमाने सांगा की ही ओळख तुमच्यासाठी नाहीच, ज्यांच्या कथा तुम्ही वाचल्यात त्यांच्यासाठी आहे. बहुतेक जण या मुद्द्यावर राजी होतात. ओळख करून देताना "वयाने लहान असल्या तरी" अशी सुरुवात करू नका. पहिल्याच वाक्यात त्यांची उंची कमी होते. 'मॅडम' म्हणा किंवा नावापुढे 'डॉक्टर' असेल तर ते लावा. 'ताई' चालतं, पण मग कथालेखिकांनाही 'ताई'च म्हणा, नाहीतर एक 'मॅडम' आणि एक 'ताई' अशी पायरी उगाच पडते. त्यांचं काम समजावून सांगणं तर तुमच्या भागात फारच सोपं आहे. बांगडा एखाद्या वर्षी किनाऱ्याशी का येत नाही, तारली कुठे गेली, या गोष्टी रापणीवरची माणसं रोज बोलतात. त्याच प्रश्नांच्या मागे त्या पाण्याचं तापमान आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मोजत असतील, तर एवढं एक वाक्य सभागृहाला पुरतं. त्यांचा विषय नेमका काय आहे ते आधी विचारा मात्र. मत्स्यविज्ञान म्हटलं की आपण समुद्रच धरून चालतो, आणि त्या कदाचित खाडीतल्या कोळंबीवर काम करत असतील.

आता अध्यक्षांची समजूत. त्यांच्या म्हणण्यामागे पाहुण्यांबद्दलचा आदर आहे, तो मोडून काढू नका, त्याला दुसरी वाट द्या. मी नेहमी असं सुचवतो की तिन्ही परीक्षकांचा सविस्तर परिचय मराठीत करून एका पानावर नीट छापावा, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावावा आणि कार्यक्रमपत्रिकेतही घालावा. पाहुणे आत येताना तो बघतात, त्यांना बरं वाटतं, ज्यांना वाचायचं ते वाचतात. अध्यक्षांना सांगा, "भाऊ, सगळं दिलं आहे, काही गाळलेलं नाही. मंचावर फक्त कथेशी जोडलेलं बोलतो." याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. शाल-श्रीफळ आणि पुष्पगुच्छ स्वागताच्या वेळीच उरकून घ्या. ओळख चालू असताना मध्येच सत्कार आला की फोटोसाठी सगळे उभे राहतात, टाळ्या होतात, आणि तुमचं वाक्य अर्ध्यावर लोंबकळत राहतं.

ओळख कधी करायची हे नीट ठरवा. निकालाच्या आधी, आणि शक्यतो परीक्षकांच्या मनोगताला लागून. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला सगळ्या मान्यवरांच्या रांगेत परीक्षकांचीही ओळख उरकतात. मग दीड तासाने मनोगताची वेळ येईपर्यंत कोण काय करतं हे कोणाच्या लक्षात नसतं. सुरुवातीला फक्त नाव आणि हुद्दा सांगा, सविस्तर ओळख मनोगताच्या आधी करा. तिघंही बोलणार असतील तर एकाची ओळख, मग त्यांचं मनोगत, मग दुसऱ्यांची ओळख, असं घ्या. एकच जण सर्वांच्या वतीने बोलणार असेल तर तिघांची ओळख सलग करून बोलणाऱ्यांचं नाव शेवटी ठेवा. ज्येष्ठतेचा क्रम हवाच असा आग्रह असेल तर मी ज्येष्ठ व्यक्तीला शेवटी ठेवतो, कारण निकालाच्या लगेच आधीचं बोलणं त्यांचं असतं आणि त्यात मान आपोआप येतो.

परीक्षण कसं झालं हे ओळखीत यायलाच हवं, आणि नेमकं हेच आपल्याकडे सर्रास राहून जातं. कथा नावासकट दिल्या होत्या की नावं झाकून? तिघांनी सगळ्या कथा वाचल्या की वाटून घेतल्या? गुण स्वतंत्रपणे दिले की एकत्र बसून? दोन-तीन वाक्यांत हे सांगा. नावं झाकली असतील तर तो तुमच्या स्पर्धेचा मोठा अभिमानाचा भाग आहे. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात याचं सुंदर उदाहरण आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. खगोलशास्त्रात तेव्हाच जगभर नाव असलेल्या माणसाला आपली कथा नावाच्या आधाराशिवाय वाचली जावी असं वाटत होतं. तुमच्या स्पर्धेत नावं झाकली होती हे सांगताना हा प्रसंग दोन वाक्यांत सांगा, सभागृह कान देऊन ऐकेल.

नारळीकरांचं नाव घेण्याची ही एकच योग्य जागा मला दिसते. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं स्मरण करावंसं वाटणं स्वाभाविक आहे, ते प्रास्ताविकात मनापासून करा. पण एखाद्या परीक्षकाला 'कोकणचे नारळीकर' म्हणू नका. त्या माणसाला अवघडायला होतं, आणि नारळीकरांचे वाचक असलेल्या श्रोत्यांना ते रुचत नाही.

छोट्या गावातला आणखी एक प्रश्न म्हणजे ओळखी-पाळखी. कथालेखिका ज्या महाविद्यालयात शिकवतात तिथल्या मुलांनी स्पर्धेत भाग घेतला असणारच. सरांच्या वाडीतलं कोणीतरी असेल. याची कुजबुज होण्याआधी तुम्हीच बोला. परीक्षकांना आधी विचारा की ओळखीची एखादी कथा लक्षात आली का, आणि तेव्हा त्यांनी काय केलं. "आपल्या विद्यार्थ्याची कथा आहे हे लक्षात आल्यावर बाईंनी त्या कथेला गुण दिले नाहीत, ती उरलेल्या दोघांनी तपासली" असं खरोखर झालं असेल तर ते जरूर सांगा. झालं नसेल तर सांगायचा प्रश्नच नाही, पण मग समितीने निकालाच्या आधी त्यावर एकदा बसून बोलायला हवं.

मजकुरात स्थानिक रंग भरताना वस्तुस्थिती तपासा, विशेषतः मंचावर शास्त्रज्ञ असताना. तुमच्या जवळच विजयदुर्ग आहे, त्यामुळे "ज्या भूमीत हेलियमचा शोध लागला" हे वाक्य तुमच्या लेखणीतून येण्याची मोठी शक्यता आहे. त्यात दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली असते. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होते. नॉर्मन लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते, आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची खूण असलेली ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. हेलियमशी नाव जोडलेला शास्त्रज्ञ आपल्या किल्ल्यावर दुर्बिणी लावून बसला होता, ही खरी गोष्टच पुरेशी मोठी आहे. तीच सांगा. हाच नियम कातळशिल्पांना लावा. विज्ञानकथा स्पर्धेत बारसू किंवा देवाचे गोठणे इथल्या शिल्पांवर परग्रहवासी उतरवणाऱ्या कथा आल्या असतील, त्या कथा म्हणून मजेत वाचाव्यात. निवेदकाने मात्र आपल्या आवाजात तसं काही सुचवू नये.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. स्पर्धक शाळकरी मुलं असतील तर ओळख आणखी लहान करा आणि परीक्षकांना मुलांनी एक-दोन प्रश्न विचारावेत अशी सोय ठेवा. मुलांना ओळखीपेक्षा ते जास्त भावतं. आमदार किंवा मंत्री येणार असतील तर वेळापत्रक तुमच्या हातात राहणार नाही, तेव्हा प्रत्येक परीक्षकाची चाळीस सेकंदांची आवृत्तीही वेगळ्या कागदावर तयार ठेवा. त्यात काम आणि ते एक वाक्य एवढंच असू द्या, पदव्या पूर्ण गाळा. एखादे परीक्षक आयत्या वेळी येऊ शकले नाहीत तरी त्यांची ओळख वगळू नका, कारण कथा त्यांनीही वाचल्या आहेत. आणि पुढच्या वर्षी स्पर्धा जाहीर करताना परीक्षकांची नावं पत्रकात द्यायची का, असा प्रश्न येईल. नाव आणि क्षेत्र जरूर द्या, पण ते कथेत काय शोधतात हे तेव्हा लिहू नका. सर विकिरणाचे म्हटलं की निम्म्या कथा किरणोत्सर्गावर येतील. ते वाक्य बक्षीस समारंभासाठी राखून ठेवायचं.

राहिला शब्दांचा पोत. 'ज्यांना परिचयाची आवश्यकता नाही', 'सूर्याला काजव्याने काय ओवाळावं', 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' यांतलं काहीही नको. ज्या सभागृहात पंधरा-वीस जणांनी स्वतः कथा लिहिल्या आहेत, तिथे घासून गुळगुळीत झालेली वाक्यं लगेच कळतात. पाठ करू नका, वाचूनही दाखवू नका. मुद्दे कागदावर असू द्या आणि परीक्षकांकडे एकदा बघून मग स्पर्धकांकडे बघत बोला.

मजकूर तयार झाला की कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ज्याचा त्याला पाठवा. नावाचा उच्चार, 'डॉक्टर' लावायचं की नाही, साल, संस्थेचं पूर्ण नाव, आणि त्यांच्या तोंडचं म्हणून तुम्ही सांगणार आहात ते वाक्य, एवढं त्यांना डोळ्यांखालून घालू द्या. त्यांनी एखादी ओळ काढायला सांगितली तर का ते विचारत बसू नका, काढून टाका. एखादी वाढवायला सांगितली तर मात्र दोन मिनिटांचा हिशेब त्यांना नम्रपणे सांगा, आणि ती ओळ फलकावरच्या पानात घाला.